माझं डोकं एकदम फिट आहे

मंगळवार, ५ मार्च
काल फुटबॉलच्या प्रॅक्टिसमध्ये गोलच्या खांबावर डोकं आपटलं. बॉल मी अडवला, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूला मुका मार बसलाय. वाचन, मोबाईल, खेळ सगळं बंद. शनिवारी सेमीफायनल आहे. मी खेळणार. डोकं माझं आहे.

बुधवार, ६ मार्च
डोकेदुखी, चक्कर, चिडचिड यांना रोज शून्य ते सहा मार्क द्यायचा तक्ता मिळालाय. आठवडाभराची शून्यं आजच भरून टाकली. आईनं विचारलं, रविवारी दुखणार नाही हे तुला आजच कसं कळलं? तिच्यावर ओरडले. ही चिडचिड नव्हे. तिचा प्रश्नच तसा होता.

गुरुवार, ७ मार्च
शाळेत अर्धाच दिवस. गणिताच्या बाईंचं अक्षर फारच बिघडलंय, फळ्यावर हलत होतं. ट्यूबलाइटही बदलायला झालीय. घरी येऊन जरा पाठ टेकली. तीन तास.

शुक्रवार, ८ मार्च, सकाळी
आज कॉम्प्युटरवर मेंदूची टेस्ट. चित्रं लक्षात ठेवायची, रंग दिसला की बटण दाबायचं. सीझनच्या आधी सगळ्या खेळाडूंची एकदा होते. मार लागला की त्या मार्कांशी ताडून बघतात. मी काय कच्च्या गुरूची चेली नाही. तेव्हा मुद्दाम भिकार दिली होती. आज नुसती जाऊन बसले तरी पास.

दुपारी ४
जीव तोडून दिली. मुद्दाम चुकले होते त्याहून कमी मार्क पडले. म्हटलं, माऊस खराब आहे. डॉक्टरीणबाईंनी दुसरा आणून दिला. आणखी कमी. भीती वाटली. खरंच वाटली. त्या म्हणाल्या, बरी होशील, पण उद्या खेळायचं नाही. मी ठरवलं, उद्या कोचसरांशीच बोलायचं.

शनिवार, ९ मार्च
सरांना म्हटलं, निदान सेकंड हाफ द्या. त्यांनी बेंच दाखवला. शिट्टी वाजली की डोक्यात घण पडत होते. दहा मिनिटांत आईला म्हटलं, तुला ऊन लागतंय, चल गाडीत बसू. तिथे डोळे मिटून पडले. नंतर मैत्रिणी काचेवर थापा मारून काहीतरी ओरडून गेल्या.
घरी आल्यावर आईला विचारलं, कोण जिंकलं?
ती शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आपण जिंकलो, बाळा. चौथ्यांदा विचारतेयस."
म्हणून लिहून ठेवते. जिंकलो. गोलमध्ये मी नव्हते.