नळीतला उजेड

३ नोव्हेंबर, सोमवार. ताइफ.

पोहोचलो एकदाचा. जेद्दाहून वर घाट चढताना गाडीवर माकडं बसली. ड्रायव्हर ताजुद्दीन दापोलीचा निघाला. तात्या तात्या करत माझ्या पिशवीतल्या अर्ध्या चकल्या त्यानं घाटातच संपवल्या, वर म्हणतो मीठ कमी आहे. आपलं माणूस भेटलं, बरं वाटलं.

हवा फक्कड. नाशिकला थंडी पडते तशी. खोली मोठी, खिडकीतून गुलाबाचं शेत दिसतं. आत्ता फुलं नाहीत, नुसत्या काड्या. सुशांतला रियाधला फोन केला, बाप पोचला म्हणून सांगितलं. या नोकरीचं त्यानंच जमवलं, त्याच्या हॉस्पिटलातल्या ओळखीवर. अहिल्या म्हणत होती या वयात कुठे जाता. घरी बसून काय, तुझी पोथी ऐकू?

काम सरळ आहे. माझा कफील, म्हणजे व्हिसा काढून देणारा मालक, मिशारी. त्याचा बाप जुन्या बंदुका जमवायचा. बाप गेला, बंदुका राहिल्या. बैठकीच्या मोठ्या खोलीत तीन भिंती भरून आहेत. लायसनमध्ये बसतील तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्या कापायच्या. कुठली ठेवायची, कुठली कापायची, हे मी सांगायचं. मी म्हटलं आठवड्याचं काम. मिशारी हसला. म्हणे बाबांना वर्षानुवर्षं ठरवता आलं नाही. असेल. त्यांना दुसरं काम नसेल. काम झालं की परतीचा शिक्का, मग घर.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

सुरू केलं. माझी पद्धत बंदुकांच्या कारखान्यातली. सातवी शिकलेल्या माणसाला एवढी पुरते. आधी रिकामी आहे का बघायची. मग बोल्ट काढायचा, मागून डोळा लावायचा, तोंड खिडकीकडे धरायचं. नळी आतून चकचकीत दिसली तर चांगली. आत खड्डे असले तर मेली. बाहेरून किती का नक्षी असेना.

उजव्या डोळ्यानंच बघतो. मोतीबिंदू काढलाय, पण नजर पक्की आहे. त्याच पापणीवर छिन्नीचा चिलका उडाला होता, त्याचा वण आहे. डॉक्टर म्हणाला होता नशीब डोळा वाचला. नशीब कसलं, मी वेळेवर मान वळवली.

ठेवायची ती भिंतीवर तशीच. कापायची तिच्या दस्त्यावर खडूनं फुली आणि दाराजवळच्या घोडीवर. मिशारीला चांदी मढवलेल्या ठेवायच्या होत्या. त्या आतून सडक्या. मारल्या फुल्या. तो तोंड फुगवून गेला. ताजुद्दीन म्हणतो, तात्या, तुम्ही बंदुका निवडताय का तांदूळ? मी म्हटलं तांदळातले खडे तरी दिसतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

मिशारीची आई. म्हातारी दारात खुर्ची टाकून बसते. आत येत नाही. कहवा आणि खजूर पाठवते आणि नुसती बघते. ताजुद्दीनला मधे घालून विचारलं, कधी संपणार. तिला घरात एकही नको. पोराला दहा-बारा तरी हव्यात. मायलेक एकमेकांशी बोलत नाहीत, माझ्याशी बोलतात. मी म्हणजे दोघांच्या मधली पाचर.

एक फालतू गोष्ट. मार्टिनी बंदूक खिडकीकडे धरली. समोर गुलाबाच्या काड्या दिसायला हव्यात. दिसली बकरी. पांढरी, एक कान तुटका. बंदूक खाली केली, बकरी नाही. परत लावली, आहे. नवीन लेन्स अशी उजेडात चाळे करते म्हणतात. पुढची उचलली.

८ नोव्हेंबर, शनिवार.

लेन्स नाही.

थ्री-नॉट-थ्री घेतली. नळीत विहीर. विहिरीच्या कठड्यावर हात टेकून एक माणूस, लांब पांढरा अंगरखा. तो वळला आणि माझ्याकडे बघितलं. मी बंदूक ठेवली, फडक्यानं नळी पुसली, पुन्हा बघितलं. तेच. मग एकेक करून सगळ्या बघितल्या. एकीत लांडगा. एकीत कुत्रं. एकीत झोपलेली बाई. 

मग थ्री-नॉट-थ्री उलटी धरली. बोल्ट काढलेला होता, धोका काही नाही. तोंडाकडून डोळा लावला. आत दुसरा डोळा. सुरमा घातलेला, खाली दाढीचे केस. नेम धरलेला डोळा असतो तसा, अर्धा मिटलेला.

म्हणजे हिशेब सरळ. मागून बघितलं की मेलेला दिसतो. पुढून बघितलं की मारणारा.

ताजुद्दीनला सांगितलं. तो हसला, म्हणाला म्हातारपणी एवढं कोरडं हवापाणी सोसत नाही. मी म्हटलं ये, बघ. त्यानं डोळा लावला. बंदूक हळूच खाली ठेवली, बाहेर जाऊन तोंड धुतलं. आता खोलीत येत नाही. जेवण दारात ठेवतो.

अहिल्याला फोन केला. ती म्हणाली निघून या. मी म्हटलं गुळगुळीत लोखंडात उजेड वाकतो, तुला काय कळतंय. तिनं विचारलं, मग मला फोन कशाला केलात.

१० नोव्हेंबर, सोमवार.

सकाळी दार उघडलं तर घोडीवरच्या फुलीवाल्या सगळ्या वळलेल्या. मी तोंडं भिंतीकडे करून ठेवली होती. आता सगळी तोंडं माझ्या स्टुलाकडे. ताजुद्दीनला आईबापावरून शिव्या घातल्या. त्यानं कुराणाची शपथ घेतली. आत पाऊल टाकायला घाबरणारा माणूस, तो काय वळवणार.

वळवून परत ठेवल्या. ठेवता ठेवता एकीत बघितलं. ही लांडग्याची. लांडगा नाही. टेबलाशी पाठमोरा बसलेला माणूस. चौकटीचा शर्ट.

दुसरीत बघितलं. तोच माणूस. तिसरीत तोच. सगळ्या फुलीवाल्यांत तोच, कुठे लांबून, कुठे जवळून.

मग माझ्या शर्टाकडे बघितलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

घाबरून फिटरचं काम होत नाही. तपासून बघितलं. भिंतीवरच्या, बिनफुलीच्या, अजून आपापलं जुनंच दाखवतात. एका फुलीवालीचा खडू पुसला. चौकटीचा शर्ट गेला, बकरी आली. परत फुली मारली. बकरी गेली, शर्ट आला. पुसली. बकरी. पाच-सहा वेळा केलं. गोष्ट साफ आहे. ज्यांना कापायचं मी ठरवतो, त्या मला ठरवतात.

मिशारीकडे गेलो. म्हटलं सगळ्या भारी आहेत, एकही कापू नका. आयुष्यात पहिल्यांदा कामात खोटं बोललो. त्यानं ऐकूनच घेतलं नाही. कापणारे सोमवारी येताहेत म्हणाला. चार गोष्टी ऐकवल्या. इंडियातून म्हातारं खोंड आणलं म्हणाला, ताजुद्दीननं भाषांतर करताना जरा मऊ केलं असणार. माझा इकामा, इथला राहायचा परवाना, त्याच्या खिशात. काम पुरं, मग शिक्का.

परत येताना म्हातारीनं थांबवलं. तिचा नवरा त्याच खोलीत गेला, माझ्याच स्टुलावर. लोकांना हार्ट अटॅक सांगितला. डोक्याला फडकं गुंडाळूनच बाहेर काढलं. ती माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलली, ताजुद्दीननं मान खाली घालून मराठीत सांगितलं.

"तोही निवडायलाच बसला होता."

मग बोट दाखवलं. दारावर, आतल्या बाजूला, एक तोड्याची बंदूक. लांबच लांब, काळी, दोरीच्या वातीनं पेटते ती. मी अजून हात लावला नव्हता. म्हातारी म्हणते ती आधी कापा. ती गेली की बाकीच्या गप्प.

तिचं म्हणणं मला पटलं. कुठेतरी संपवायला तर पाहिजे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

काढली. जड आहे. ही ठासणीची, मागून बंद. आरपार बघायची सोयच नाही. गज घालून मापला, मग बाहेर नळीवर धरला. चार बोटं कमी. म्हणजे आत बार आहे. भरलेली. इतकी वर्षं भरलेली लटकत होती आणि खाली माणसं कहवा पीत होती. मूर्ख लोक.

तोंड वर धरून तांब्याभर पाणी ओतलं. दारू भिजली की मेली, शेंबडं पोरही सांगेल. नळी काठोकाठ झाली नाही. दुसरा तांब्या ओतला. तिसरा. खाली कुठे थेंब नाही. नळी करंगळीएवढी.

फुली मारायला गेलो तर तेलकट दस्त्यावर खडू उमटेना. दोनदा मारला, दोनदा घसरला. वैताग आला. कानशीच्या टोकानं खरवडून फुली काढली. खोल. झालं.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

काल रात्रभर विचार केला. सकाळी फडकं ओलं करून सगळ्या फुल्या पुसल्या. सगळ्या. घोडीवर परत बकऱ्या, कुत्री, विहीर. शर्ट कुठेच नाही. जीव भांड्यात पडला.

मग आठवलं.

कानशीची फुली पुसत नाही. पॉलिश पेपर घेतला. घासली तितकी ती खोल जाते. लाकूड खाली जातं, फुली आणखी खाली.

दारावर परत टांगली. ताजुद्दीन गाडी घेऊन जेद्दाला गेला. कुणाच्या तरी लग्नाला, म्हणाला. आत न येता उंबऱ्यापलीकडून म्हणाला, "तात्या, चला माझ्याबरोबर. इकामा गेला खड्ड्यात." मी म्हटलं शिक्क्याशिवाय मला विमानात कोण घेईल. तो थांबला नाही. त्याचं बरोबर आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.

दारावर नाही. टेबलावर आहे. मी काढली नाही.

तोंड स्टुलाकडे. मी स्टूल सरकवलं. मग हात धुवायला गेलो. आलो तर—

तोंड स्टुलाकडेच.

म्हातारी आज दारात नाही. खुर्ची पण नेलीय. मिशारी फोन उचलत नाही.

सुशांतला फोन केला. म्हणाला, बाबा, बीपीच्या गोळ्या घेताय ना. घेतो म्हटलं. तो संध्याकाळी फोन करतो म्हणाला. बरं.

रविवार, दुपार.

जुहरची बांग झाली. सगळं घर झोपलंय. ऊन चांगलं आहे. खिडकी उघडी.

टेबलाच्या टोकाला उभं राहून बघतोय. लांबून. डोळा लावलेला नाही.

नळीत उजेड आहे. मागून बंद नळी. उजेड कुठून येतो?

—

लावला. एकदाच. हातभर अंतरावरून, टेकवला नाही.

डोळा आहे आत. सुरमा नाही. दाढी नाही. लेन्सची चकाकी आहे. पापणीवर वण—

पाणी साचलं असेल. पाण्यात आपलंच तोंड दिसतं. तेच असणार. ओतलं होतं ना मी.

मी डोळा मिटला. त्यानं नाही मिटला.

—

सुंभ जळल्याचा वास येतोय. खोलीत आग नाही. काडी नाही. वात कोरडी आहे, हात लावून बघितलं, गार आहे. वास येतोच आहे.

अहिल्याला फोन लावला. उचलला. मी बोललो नाही. ती अहो अहो करत राहिली. ठेवला.

निघून जायला हवं. दार उघडं आहे. पण कापणारे उद्या येतील, हात लावतील, कुणाला काय माहीत ही भरलेली आहे. अर्धवट काम मी कधी सोडलं नाही. दारू भिजलेली आहे. मी स्वतः ओतलंय पाणी. ओली दारू पेटत नाही.

वास वाढलाय. नळीत तो अजून बघतोय. आता अर्धा मिटलाय, नेम धरल्यासारखा. पाणी आहे की डोळा आहे, तेवढं एकदा नीट जवळून बघतो आणि सोडतो विषय. उगाच तमाशा नको. डावा हात नळीखाली आहे, उजव्यानं लिहितोय. डोळा लावला की लगेच लिहि