ऐच्छिक रकाना

माय, आज परत त्याच रकान्यापाशी अडकले आहे आणि डोकं नुसतं भणभणतंय. मसाल्याच्या कारखान्यात माल तपासायची जागा निघाली आहे, मला ती हवीच आहे, घरी बसून वेड लागायची पाळी आली आहे. अर्ज मोबाईलवरच भरायचा. सगळं भरून झालं, शेवटी एक मोकळा चौकोन उरला: अर्जासोबतचं पत्र, ऐच्छिक. वर मागच्या नोकरीपुढे लिहिलंय, 'स्वेच्छेने राजीनामा'. कसली डोंबलाची स्वेच्छा! कोल्ड स्टोरेजच्या आतल्या खोलीत सुपरवायझरने मला पोत्यांवर रेटलं, तोंड दाबलं, तेव्हा माझ्या हाताला वजनकाट्याचं लोखंडी माप लागलं. ते मी त्याच्या नाकावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसला, तरी मी आणखी एकदा हाणलं. ऑफिसने त्याला दवाखान्यात नेलं आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला, स्वतःहून सोडते असं लिहून दे, नाहीतर पोलिसांत देतो. मी लिहून दिलं. त्या सहीचा राग अजून उतरलेला नाही.

धाकटा भाऊ शेजारीच बसलाय. तो म्हणतो, "ऐच्छिक शे ना ताई, मंग सोडी दे. कसाले आपलाच पायवर धोंडा मारी लेस?" त्याचंही चूक नाही. पण मला तू दिसतेस, नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर, माझा हात घट्ट धरून नव्या मुकादमासमोर उभी. दर हंगामात तेच. त्याने काही विचारायच्या आत तू सुरू करतेस, "काम दोन जनीसनं करसू. पन आंगले हात लाया ते तोडी टाकसू. आतेच सांगी देस, मांगून म्हनू नको, सांगं नही." बाकीच्या बाया पदरात हसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कोणी विचारलं होतं तुला? एकाने तर तिथूनच परत पाठवलं होतं.

आणि एकाने ते हसण्यावारी नेलं. दुपारी देठं खुडताना त्याने मागून तुला धरलं. तू मूठभर मिरची त्याच्या डोळ्यांत चोळली, अंगठे आत घालून चोळली. तो गुरासारखा ओरडत लाथा झाडत होता, त्यातली एक तुझ्या तोंडावर बसली आणि दात पडला. तरी तू त्याच्या छातीवर बसून ठोसे मारत राहिलीस, चौघींनी मिळून ओढलं तेव्हा कुठे उठलीस. तुझं रक्त मिरचीवर सांडलं ते कोणाला दिसलंही नाही, मालाबरोबर पोत्यात गेलं असेल. मालकाने हाकललं तेव्हा तू रक्त थुंकून एवढंच म्हणालीस, "मी ते पहिलाच दिन सांगेल व्हतं." सूज उतरायच्या आत तू दुसऱ्या पथारीवर उभी होतीस, बोबड्या तोंडाने तेच बोलत, माझा हात धरून.

तर मी लिहिलं, माय. 'काम चोख करीन. मागची नोकरी स्वेच्छेने सोडलेली नाही. अंगावर आलेल्या माणसाचं नाक मी फोडलं. तुमच्याकडे तसं झालं तर पुन्हा फोडीन, म्हणून आधीच कळवते.' भाऊ कपाळावर हात मारून म्हणाला, "गयी नोकरी." जाईलही. मी बटण दाबलं. अर्ज गेला, आणि भाऊ म्हणाला, "ताई, हात सोड ना, दुखी ऱ्हायना." मी त्याचं मनगट कधी धरलं ते मला कळलंच नव्हतं. तू माझा हात धरायचीस तो मी पळून जाऊ नये म्हणून, असंच मी तू गेल्यावरही इतकी वर्षं समजत आले. तुला लिहितेय ते हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून सांगते. मलाही भीती वाटली.