ॲरिझोनातली गळाची काठी

एबेनेझर कॉलेज, बास्केटबॉल विभाग
(म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्रांशेजारची तीच ती खोली)
१९ मार्च

गुरुवर्य ऑरविल कोच यांच्या चरणी ड्वेन हेगस्टडचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा आता वाकत नाही, तेव्हा आठांतलं एक अंग वजा धरावं.) आपली प्रकृती उत्तम असेल, अर्डेलकाकूंचा संधिवात ॲरिझोनाच्या उन्हात पार सुकून गेला असेल आणि आपली मासेमारी जोरात चालू असेल अशी आशा करतो. इकडे डकोटात मार्च उजाडला तरी कुंपणाच्या खांबांची फक्त टोकं दिसतात. घरी मार्लीस बरी आहे. मी बरा आहे असं ती सगळ्यांना सांगते.

माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत आपण वाचलंच असेल की, ‘मुख्य कोच म्हणून तेवीस वर्षांच्या सेवेनंतर ड्वेन हेगस्टड स्वेच्छेने निवृत्त होत असून पुढील आयुष्य ते मासेमारीत घालवणार आहेत.’ ही बातमी मीच लिहून दिली. तिच्यात ‘तेवीस’ हा एकच शब्द खरा आहे. मला काढलंय, कोच. खरी हकिगत तुम्हाला कळवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते, आणि मार्लीसला ती तोंडपाठ झाली आहे.

यंदा आपण पंचवीस सामने खेळलो आणि सहा जिंकलो. (त्यांतला एक समोरच्या संघाची बस बर्फात रुतली म्हणून.) पण मी बुडालो तो हरल्यामुळे नाही. हरण्याची एबेनेझरला सवय आहे, आपल्या चर्चमध्ये तर त्याला नम्रता म्हणतात. मी बुडालो तो एका पत्रापायी, आणि त्या पत्राचं मूळ आहे एका पेट्रोल पंपावर.

जानेवारीत ग्रेव्हली कॉलेजशी त्यांच्या गावी सामना होता. बावीस गुणांनी हरून मी व्हॅन चालवत परत निघालो (व्हॅन अजून मुख्य कोचच चालवतो, तुमच्या वेळची प्रथा मी मोडलेली नाही) आणि गावाबाहेरच्या पंपावर थांबलो. शेजारच्या सीटवर कोल्बी स्ट्रँड होता. हा माझा असिस्टंट, चार वर्षांपासूनचा. वय एकतीस, डोक्यावर भरपूर केस, वहीत प्रत्येक मुलाच्या प्रत्येक फेकीची नोंद. तो म्हणाला, “कोच, पोरं मोजू का?” मी म्हणालो, “तेवीस वर्षं मीच मोजतोय. तू आपलं सँडविच खा.” मोजली, बारा भरली. मागच्या सीटवर चेंडूंचं पोतं होतं आणि त्यावर कुणीतरी लोकरीची टोपी घातली होती, एवढंच माझ्या लक्षात आलं नाही. चाळीस मैलांवर सीटखाली फोन वाजला. फोन टकरचा होता, पलीकडे त्याची आई होती, आणि टकर मात्र कुठेच नव्हता. टकर म्हणजे चेंडू पुढे नेणारा आपल्याकडचा एकमेव शहाणा मुलगा. तसाच मागे फिरलो. पंपवाल्यानं पत्ता दिला, ग्रेव्हलीच्या कोचच्या घराचा! तो सद्गृहस्थ पेट्रोल भरायला आला होता, त्यानं गारठलेलं पोर उचलून घरी नेलं. मी पोचलो तेव्हा टकर त्यांच्या स्वयंपाकघरात बटाट्याचा हॉटडिश दुसऱ्यांदा वाढून घेत होता आणि कोचची बायको त्याला कॉलेजचं रंगीत माहितीपत्रक दाखवत होती. पुढच्या वर्षी तो त्यांच्याकडून खेळणार आहे. दोष कुणाला देणार? आपणही एके काळी पोरं अशीच मिळवली, फक्त ती आधी कुणीतरी विसरून जाण्याची आपल्याला गरज पडली नाही.

परतीच्या वाटेवर कोल्बी चारचौघांसारखं “तरी मी सांगत होतो” म्हणाला असता तर माझं त्याच्यावरचं प्रेम टिकलं असतं. पण त्यानं नुसता थर्मास उघडून मला कॉफी दिली. त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. लक्षात आलं की टाइम-आऊटमध्ये पोरं बघतात माझ्याकडे आणि ऐकतात त्याचं. हा गडी इथे राहिला तर आपली धडगत नाही.

आता आपल्या धंद्यात नको झालेल्या माणसाला हाकलत नाहीत, त्याची शिफारस करतात, हे तुम्हाला मी काय सांगावं! मिनेसोटातल्या एका कॉलेजला मुख्य कोच हवा होता. मी रात्रीचं जेवण बाजूला सारून बसलो आणि कोल्बीसाठी तीन पानी शिफारसपत्र लिहिलं. असा हात यापूर्वी कधी चालला नव्हता. कोल्बी पोरांचा बाप आहे, भाऊ आहे, गणिताचा मास्तर आहे. शेवटी जोर यावा म्हणून लिहिलं, ‘गेल्या चार वर्षांत आम्ही जिंकलेल्या प्रत्येक सामन्याची आखणी कोल्बीची होती. हरलेले सगळे माझे.’ मार्लीसनं वाचलं आणि म्हणाली, “ड्वेन, तुला त्याला नोकरी लावायचीय की तुझी द्यायचीय?” बायकांना आपल्या धंद्यातलं काही कळत नाही, असं म्हणून मी पाकीट चिकटवलं.

मिनेसोटावाल्यांना ते पत्र इतकं चांगलं वाटलं की त्यांना संशय आला. खात्री करून घ्यायला त्यांनी आमच्या नव्या अध्यक्षबाई डॉ. फेनविक यांना ते वाचून दाखवलं.

बाईंनी मला बोलावलं. टेबलावर पत्र होतं. “हे तुमचंच ना?” “माझंच.” “आणि खरं आहे?” आता सांगा, कोच, काय म्हणायचं होतं? खोटं म्हणावं तर चर्चच्या कॉलेजच्या कागदावर तीन पानं खोटं लिहिलेलं. मी म्हणालो, “अक्षरन् अक्षर.” तेव्हा बाईंनी विचारलं, “मग ड्वेन, तुम्ही इथे नेमकं काय करता?” आवाजात खोच नव्हती, बाईंना खरोखरच माहिती हवी होती. मी म्हणालो, “व्हॅन चालवतो.” त्यावर त्यांनी माझी जागा कोल्बीला देऊ केली. टकरची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेली होती.

कोल्बी माझ्याकडे आला तो रडतच. “कोच, मला नको तुमची जागा. मी नाही म्हणून सांगतो.” आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या पोटातलं दुखणं थांबलं आणि छातीत सुरू झालं. पोरगा खरोखरच पत्रात लिहिला होता तसाच होता. मी म्हणालो, “वेडा आहेस का? घे ती जागा. मी तसाही सोडणारच होतो. मला मासे धरायचेत.” हे शब्द तोंडात कुठून आले, देव जाणे. मी आयुष्यात मासा धरला तो फक्त काट्याचमच्यानं.

असो. तुम्ही जसे मानानं आणि आपल्या मर्जीनं बाजूला झालात, तसं आमच्या नशिबी नव्हतं. पण मी अगदी समाधानी आहे, मला कुणाकडून काही नको. अर्डेलकाकूंना नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक,
ड्वेन

ता. क. : तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर जे दोन वर्षांचं कॉलेज आहे, त्यांना असिस्टंट कोच हवा आहे. जाहिरात मार्लीसला दिसली, मी शोधत नव्हतो. वय चौपन्न चालेल का ते लिहिलेलं नाही. माझ्यासाठी दोन ओळींचं शिफारसपत्र द्याल का? फार स्तुती करू नका, तिथल्या मुख्य कोचलाही संसार असेल.

ता. क. २ : पाकीट बंद करण्याआधी तुमच्याच जुन्या टेबलाचा ड्रॉवर रिकामा करायला घेतला. तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली तुमच्या एका पत्राची कार्बन प्रत सापडली. नेब्रास्कातल्या कॉलेजला, माझ्या शिफारशीचं, तेवीस वर्षांपूर्वीचं. ‘जिंकलेल्या प्रत्येक सामन्याची आखणी या तरुणाची होती. हरलेले सगळे माझे.’ मला वाटत होतं ते वाक्य मला सुचलं. नेब्रास्कानं मला घेतलं नाही, आणि पंधरा दिवसांनी तुम्ही एकदम म्हणालात, ‘मला मासे धरायचेत.’ मी ते खरं मानलं, कोच. कारण मला तुमची खुर्ची हवी होती आणि खरं मानणं सोयीचं होतं. मला माफ करा. तुम्ही ते पत्र मला घालवायला लिहिलं असेल, तर आपली फिट्टंफाट झाली. मनापासून लिहिलं असेल, तर कृपया मला कळवू नका. नवं पत्र लिहिण्याचेही कष्ट घेऊ नका, तेच सोबत पाठवतो आहे. तारीख बदला आणि ‘तरुण’ तेवढं खोडा.

ता. क. ३ : रविवारी चर्चच्या तळघरात माझा निरोपसमारंभ आहे. भाषण कोल्बी करणार आहे. काल त्यानं हळूच विचारलं की मला कोणतं आमिष आवडतं, म्हणजे काठी घेऊन झालेली दिसते. तुमच्या निरोपाला भाषण मी केलं होतं आणि सगळ्यांच्या वतीनं गळाची काठीही मीच दिली होती. तुम्ही ती चषकासारखी उंच धरलीत, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात तुम्ही वाळवंटात राहायला गेलात. तिथे पाणी कुठे आहे, हे तेवीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. ती काठी कधी ओली झाली का, कोच? झाली नसेल तर तशीच राहू द्या. मी माझी घेऊन येतो आहे.