अंजिराखालचं सिंहासन

२ मार्च
ठरलं. भटकणं बंद. पोलिक्सेनी आत्या म्हणाली, "अर्गिरी, मागच्या अंगणात संडास बांध. वरची खोली उन्हाळाभर पाहुण्यांना दे आणि इथंच राहा. ईस्टरपर्यंत झाला नाही, तर खोली लाम्ब्रोसला." लाम्ब्रोस माझा चुलतभाऊ. मग मी परत जहाजावर बटाटे सोलायला. मेलो तरी जाणार नाही. संडास म्हणजे काय, आठवड्याचं काम.

६ मार्च
आत्या गुडघा दाखवायला अथेन्सला गेली. जाताना बजावलं, लिंबाशेजारीच खण. तिथं आजोबांनी आधी खणलंय, खाली काही नाही. पण तिथून नुसती भिंत दिसते. अंजिराखालून समुद्र. पाहुण्याला बसल्याबसल्या समुद्र दिसायला हवा. आत्या खूश होईल.

१५ मार्च
ईस्टरआधीच्या उपासाचा पहिला सोमवार, पतंगांचा दिवस. आज कोण काम करतं? पतंग उडवला. अंजिरात अडकला. काढण्यात दिवस गेला.

२२ मार्च
खड्डा गुडघाभर. शेजारचे याकुमीस काका कुंपणावरून म्हणाले, "पोरा, बस कर. आपल्या गावात फार खाली बघू नये. काही लागलंच तर माती लोटायची, कॉफी प्यायची, तोंड बंद."
म्हातारी माणसं भित्री. पाया खोलच हवा.

२४ मार्च
लागलं. संगमरवर. मधोमध गोल भोक. सिंहासन असणार. लगेच माती लोटली. आता तोंड बंद.

२५ मार्च
सण. कॉफीहाऊसमध्ये तळलेला मासा, लसणाची चटणी. लाम्ब्रोस सगळ्यांदेखत म्हणाला, "काय इंजिनियर, खड्डा तरी पडला का?" सगळे हसले. मी गप्पच बसणार होतो. पण म्हणालो, तुझ्या घराखाली उंदीर असतील, माझ्या अंगणात देवीचं सिंहासन आहे. हसणं थांबलं. बरं वाटलं. याकुमीस काकांनी कपाळाला हात लावला.

२९ मार्च
पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या. अंगणभर फीत बांधली, लिंबासकट. किती दिवस, विचारलं. हसल्या. चांगलं लक्षण.

१८ एप्रिल
ब्रशने खणतात. दात घासावेत तसं. बाईंना म्हटलं, सिंहासन उचलून न्या, उरलेलं मी बघतो. म्हणाल्या, "हात लावू नका."
शेजारी दुसरं सापडलं. मग तिसरं. ओळीनं. देव्यांची सभा भरत असावी. जेवण जात नाही. चर्चमध्ये मेणबत्ती लावली. काही नको बाबा, फक्त एक संडास दे.

१ मे, ईस्टरचा आदला दिवस
आत्या आली. बाईंनी तिला समजावलं. रोमन काळातला, गावाचा. फार दुर्मिळ. आता इथं वीटही लावता येणार नाही.
मी म्हटलं, गावाचा काय?
"संडास," बाई म्हणाल्या.
आत्यानं खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "झाला म्हणायचा की रे. ईस्टरच्या आत." आणि लाल अंडी रंगवायला आत गेली.

८ मे
खोलीत लाम्ब्रोस मासेमारीची जाळी ठेवणार. जाळ्यांना संडास लागत नाही.
आज गावात आलेले पहिले पाहुणे फितीपाशी उभे राहून बघून गेले. एकानं हळूच विचारलं, इथं जायची सोय कुठंय? याकुमीस काकांकडे पाठवलं.
समुद्र मात्र इथून छान दिसतो. माझं जहाजही दिसतंय.