ट्रिगरचा तो तुकडा

बाबा,

शंकर नगरात सारे बरे असाल. आईचा गुडघा कसा आहे? इथं अमेरिकेत मी ठीक आहो, पण मले भयंकर राग आला आहे.

पिस्तुलाच्या ट्रिगरला एक लहानसा तुकडा लावला की गोळ्या सलग सुटतात. त्यावर बंदी घालायचं बिल इथल्या राज्याच्या विधानसभेत आलं होतं. हॉस्पिटलची नर्स म्हणून मी साक्ष द्यायला गेली.

एक आमदार हसून म्हणाला, "बाई, बंदुकीतलं तुम्हाले काय कळते?"

मी म्हटलं, "सात वर्षांच्या पोट्टीच्या अंगात नऊ गोळ्या होत्या. आईनं मान वळवेपर्यंत नऊही लागल्या. पोट्टी गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता."

तो मोबाइल पाहत राहिला. बिल एका मतानं पडलं.

परक्या देशात तोंड उघडू नको, असं तुम्ही म्हणता. पुढच्या अधिवेशनात त्या पोट्टीची आई आणि मी, दोघी जाणार आहो. मले अडवू नका.

तुमची,
देवश्री