स्वल्प म्हणजे किती

अक्का, सगळी गल्ली तुला अक्का म्हणायची, म्हणून पोटची पोर असून मीही कधी आई म्हटलं नाही. आज काय काम करते ते ऐकलंस तर हसशील. देवनहळ्ळीजवळच्या कारखान्यात चटणीपुडीच्या पाकिटांचं सील आता कॅमेरा तपासतो, आणि चांगलं सील कुठलं, वाईट कुठलं, हे फोटो दाखवून त्याला शिकवायचं काम माझं. सीलमध्ये पूड अडकली की प्लास्टिक नीट चिकटत नाही, हवा शिरते, माल नासतो. हे तुला मी काय सांगायचं! चामराजपेटच्या आपल्या स्वयंपाकघरात पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडून तू मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायचीस, आणि मग प्रत्येक सीलवरून अंगठा. "स्वल्प खरखरलं तरी बाजूला काढ गं. डोळे फसतात, अंगठा नाही."

यंत्राला अंगठा नाही, तिथेच सगळी गंमत आहे. साधी सुरकुती दिसली तरी ते पाकीट बाद करतं आणि मिरचीचा कण खुशाल सोडून देतं. आम्ही खालून उजेड टाकून पाहिला, वरून पाहिला. शेवटी अगदी बाजूनं टाकला, तेव्हा कणाची एवढीशी सावली पडली आणि मी खुर्चीतून उठलेच. अगं, तुझा अंगठा हाच उंचवटा तर शोधत होता! माझ्याबरोबरची इंजिनियर बाई विचारते, "मॅडम, कितना चलेगा?" मी म्हटलं, "स्वल्प भी नहीं." तिला कन्नड येत नाही, आणि यंत्रात घालायला आकडा लागतो. स्वल्प म्हणजे किती, अक्का? मी दोन दिवस कण अडकलेली पाकिटं चाचपत बसले आहे.

चाचपताना ते परत आलेलं पाकीट आठवतं. दुकानदार अण्णांनी आणून दिलं होतं, आत बुरशी, सीलमध्ये लाल कण. तू त्यावरून अंगठा फिरवलास. "सरी, बरं. भाजून भाजून बोथट झाला माझा अंगठा," म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवसापासून तपासणी माझ्याकडे दिलीस. पुन्हा कधी सीलला हात लावला नाहीस. मी मूग गिळून बसले.

तू गेल्यावर हे पत्र कुठे टाकायचं? माझ्या डब्याच्या पिशवीतच राहील. पण ते पाकीट तुझ्या हाताखालून गेलंच नव्हतं, अक्का. मला खेळायला जायचं होतं, म्हणून शेवटची दहा-बारा मी तुला न दाखवताच तपासलेल्या पाकिटांच्या डब्यात सरकवली होती. तुझा अंगठा चांगला होता.