चटणीच्या डब्यातल्या गोळ्या

आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून सम्राटचा नमस्कार.

चटणीचा डबा पोचला. इथं सरहद्दीवर थंडी लई हाय, पण मी ठणठणीत हाय. सर्दीनं डोकं धरलंतं, ते वाफ घेऊन आपोआप उतरलं. आमच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच न्हाय, गरज न्हाय म्हणाले.

डब्यात गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली. तुझ्या नाकात पू झाला म्हणून गावच्या डॉक्टरांनी तुला दिलेल्या अँटिबायोटिकच्या, त्याच की ह्या. माझी सर्दी ऐकलीस आणि स्वतःचा कोर्स मधेच सोडलास. म्हस व्याली की खरवसातला माझा वाटा झाकून ठेवतीस, तसंच.

फोनवर तू 'बरी हाय' म्हणून ठेवतीस. पण काल तुझी सून रडली. गोळ्या सोडल्यापासनं तुझ्या डोळ्याजवळ सूज आलीया म्हणं. तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात ने. गेलीस न्हवं? का धार काढायची राहिली म्हणून बसलीस?

आता डॉक्टर देतील ते औषध, सांगतील तितके दिवस, तूच घे.

ह्या गोळ्या मी खाल्ल्या न्हाईत. तुझ्या ताटातलं अर्धं खाऊनच वाढलो, आई. ह्यात तेवढा मला वाटा नको.

तुझा
सम्राट